धूर कुठे जातो?

भाची गॅलरीच्या कठड्याला टेकून उभी होती. खाली, इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत, कुणीतरी वाळका पाला गोळा करून पेटवला होता. पाला आतून ओलसर असावा. ज्वाळा फारशा नव्हत्याच, नुसता दाट पिवळट धूर वर येत होता. डोळे चुरचुरायला लागले म्हणून मी दोरीवरचे कपडे भराभर आत घेत होते, पण त्यांना वास लागायचा तो लागलाच होता. ती मात्र जागची हलेना. धुराचा लोट वर चढतो, आमच्या मजल्यापाशी क्षणभर रेंगाळतो, मग वारा त्याला एका बाजूला ओढून नेतो आणि पलीकडच्या झाडामागे तो दिसेनासा होतो, हे ती पुन्हा पुन्हा पाहत होती. "मावशी, हा धूर जातो कुठे गं?" "हवेत विरून जातो." "विरून म्हणजे?" "म्हणजे... नाहीसा होतो." तिने मान डोलावली, पण पटलेलं दिसत नव्हतं. आत जाता जाता तिने माझ्या हातातल्या चादरीत नाक खुपसलं आणि म्हणाली, "पण हिला तर वास येतोय."

रात्री दिवा मालवल्यावरही ते वाक्य डोक्यातून जाईना.

मी तिला मुद्दाम खोटं सांगितलं नव्हतं. पण उत्तर ठाऊक असूनही एक सोयीचा शब्द पुढे करून मोकळी झाले होते. 'विरणं' हा शब्द आपल्या फार उपयोगी पडतो. धुकं विरतं, आवाज विरतो, राग विरतो. चादर वापरून वापरून विरते, तिच्यातून पलीकडचा उजेड दिसायला लागतो. तिचे धागे धुण्याच्या पाण्याबरोबर कुठे गेले हे आपण विचारत नाही. धुराचंही तसंच. त्यातलं जे डोळ्यांना दिसतं ते खरोखरच फार टिकत नाही. काजळीचे बारीक कण काही दिवस, फार तर एक-दोन आठवडे हवेत तरंगतात आणि मग पावसाबरोबर किंवा आपल्याच वजनाने खाली बसतात. तेवढ्या मुदतीत ते कुणाच्या छातीत शिरतात, हे दुखणं वेगळं आणि मोठं आहे. पण त्याच लोटात ज्याला रंग नाही, वास नाही असंही काही असतं, आणि ते राहतं. माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो त्यातला निम्म्याहून थोडा जास्त झाडं, माती आणि समुद्र मिळून शोषून घेतात. उरलेला वरच साठत जातो, आणि त्यातला काही भाग हजारो वर्षं तिथेच असणार आहे.

या न दिसणाऱ्या गोष्टीला वजन असतं हे मला फार उशिरा उमगलं, तेही एका साध्या गणितातून. एक लिटर पेट्रोल वजनाला पाऊण किलोच्या आसपास भरतं. ते जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती छपाईची चूक वाटली होती. जाळलेली वस्तू हलकी व्हायची, ती जड कशी होईल? मग वहीच्या मागच्या पानावर शाळेतलं रसायनशास्त्र मांडून पाहिलं. कार्बनच्या एका अणूचं वजन १२. त्याला हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात, १६ आणि १६. म्हणजे १२ चे ४४ झाले. चाळीस लिटरची टाकी रिकामी होते तेव्हा मागे ९२ किलो वायू सुटलेला असतो, माझ्या स्वतःच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त. आपण म्हणतो, पेट्रोल संपलं. त्या दिवसापासून मला तो शब्दही नीट उच्चारता येत नाही.

आणि हे कालपरवा कळलेलं ज्ञान आहे असंही नाही. १८५६ साली अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळकांड्यांत थर्मामीटर ठेवले, एकात साधी हवा राहू दिली, दुसऱ्यात कार्बन डायऑक्साइड भरला आणि दोन्ही उन्हात ठेवली. दुसरं जास्त तापलं. उन्हातून काढल्यावर निवायलाही त्याला कितीतरी पट जास्त वेळ लागला. वातावरणात हा वायू जास्त असता तर पृथ्वी जास्त तापली असती, असं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. परिषदेत तो निबंध त्यांच्याऐवजी एका पुरुष शास्त्रज्ञाने वाचला, आणि पुढे दीडशे वर्षं त्यांचं नाव जवळजवळ कुणी घेतलं नाही. तीन वर्षांनी जॉन टिंडल यांनी त्यामागचं कारण मोजून दाखवलं. सूर्याचा उजेड हा वायू आत येऊ देतो, पण तापलेल्या जमिनीतून परत निघणारी उष्णता अडवून धरतो. १८९६ मध्ये स्वांते अऱ्हेनियस यांनी हाताने आकडेमोड करून हिशेब मांडला, की हा वायू हवेत दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल. आजचा अंदाज तीन अंशांच्या आसपास आहे. संगणक नसताना एवढं जवळ जाणं थक्क करणारं आहे. पण मला राहून राहून फूटबाईंचं ते नळकांडंच आठवतं. उन्हातून बाजूला काढून ठेवलेलं आणि तरीही न निवणारं.

मोजणी मात्र नेटाने सुरू व्हायला आणखी साठ वर्षं गेली. १९५८ च्या मार्चमध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवर, मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर, हवा तपासायला घेतली. दर दहा लाख रेणूंमागे साधारण ३१५ रेणू कार्बन डायऑक्साइडचे. यंत्रं आणि कारखाने येण्यापूर्वी तो आकडा २८० च्या आसपास होता. पुढे काही महिन्यांत त्यांच्या लक्षात आलं की आकडा मे महिन्यापर्यंत चढतो, मग उतरायला लागतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरनंतर पुन्हा चढतो. पृथ्वीवरची बहुतेक जमीन आणि जंगलं उत्तर गोलार्धात आहेत. तिथे पालवी फुटली की झाडं हवेतला कार्बन पानांत ओढून घेतात. पानं गळून कुजली की तो परत सुटतो. सगळ्या पृथ्वीचा एक श्वास एका डोंगरावर बसून मोजता येत होता! १९६४ साली पैशांअभावी काही महिने मोजणी थांबली, तेवढी फट त्या आलेखात आजही आहे. २००५ साली कीलिंग गेले. काम मुलाने पुढे चालू ठेवलं. करवतीच्या दात्यांसारखी ती रेष दरवर्षी खालीवर होते आणि दरवर्षी आदल्या वर्षीपेक्षा वर सरकते. आता ती ४२० च्या पुढे गेली आहे.

इथे आल्यावर मला खालच्या त्या पाल्याच्या ढिगाकडे पुन्हा पाहावं लागलं. त्या पानांतला कार्बन वर्ष-दोन वर्षांपूर्वी हवेतच होता. पानाने तो उसना घेतला आणि जाळल्यावर परत केला. छातीला तो धूर वाईटच, ढीग जाळू नये हेही खरं. पण कीलिंग यांच्या रेषेवर तो एका दात्याच्या आतच राहतो. रेष वर ढकलणारा कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीखाली गाडलेला होता. तो ओळखताही येतो. जिवंत गोष्टींमध्ये कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार थोडासा असतो आणि ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. कोळशात आणि खनिज तेलात तो केव्हाच संपलेला आहे. म्हणून जसजसा हा जुना कार्बन हवेत मिसळत गेला तसतसं हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण पातळ होत गेलं. हान्स स्यूस यांनी ते १९५५ मध्येच झाडांच्या लाकडात पाहिलं होतं. ही वाढ आपलीच आहे का, हा वाद खरं म्हणजे तिथेच मिटायला हवा होता. आणि मी? मी त्या दिवशी पाला पेटवणाऱ्या माणसावर मनातल्या मनात चांगलीच चिडले होते, आणि तासाभराने गाडीची किल्ली उचलून बाहेर पडले होते. माझ्या धुराला रंग नव्हता, एवढाच काय तो फरक.

त्याचे पैसेही मला कुणी मागितले नाहीत.

आर्थर पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं होतं. त्यांच्या उदाहरणात आगगाडीच्या इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्या आहेत, रुळांकडेची शेतं आणि झाडं त्यांनी जळतात. गिरण्यांच्या धुरांड्यांतली काजळी आहे, जिच्यामुळे शहरभर कपडे पुन्हा पुन्हा धुवावे लागतात आणि भिंती काळ्या होतात. तिकिटाच्या दरात त्या शेताची किंमत धरलेली नसते. कापडाच्या भावात दुसऱ्याच्या धुण्याचे कष्ट धरलेले नसतात. सौदा दोघांचा आणि झीज तिसऱ्याची. पिगू म्हणाले, तेवढा कर त्या वस्तूवर बसवा, म्हणजे किंमत खरी होईल. धुतलेल्या कपड्यांचं ते उदाहरण वाचताना मी चादरीपाशी थबकले. माझं ते दुसऱ्यांदा केलेलं धुणं कुठल्याच हिशेबात नव्हतं.

किंमत लावून खरंच काही होतं का? होतं, आणि ते पाहून मला मनापासून बरं वाटतं. अमेरिकेत कोळशावरच्या वीजकेंद्रांतून निघणारा सल्फर डायऑक्साइड आम्ल होऊन पावसात उतरत होता, तळ्यांतले मासे मरत होते. १९९० च्या कायद्याने एकूण मर्यादा ठरवली आणि तेवढ्याच टनांचे परवाने वाटले. ज्याला स्वस्तात धूर कमी करता येईल त्याने तो करावा आणि उरलेले परवाने विकावेत. ज्याला जमत नाही त्याने विकत घ्यावेत. दरवर्षीची मर्यादा मात्र हळूहळू आवळत न्यायची. १९९५ मध्ये हे सुरू झालं. १९८० च्या तुलनेत वर्षाला एक कोटी टन घट करायची होती. ती झाली, मुदतीआधी झाली, आणि आधी वर्तवलेल्या खर्चाच्या मानाने फारच स्वस्तात झाली. कमी गंधकाचा कोळसा रेल्वेने स्वस्तात मिळू लागला याचाही त्यात वाटा होता, पण गंधकाला किंमत होती म्हणूनच तो शोधावासा वाटला. या सगळ्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट छोटी आहे. हे परवाने कुणालाही विकत घेता येत. काही शाळांतल्या मुलांनी पैसे जमवून ते घेतले, आणि कधीच न वापरण्यासाठी ठेवून दिले. तेवढा धूर मग कुणालाच सोडता येणार नव्हता. मुलांच्या कपाटात बंद झालेला धूर!

पण हिशेब ठेवणाऱ्याची नियत आणि वजनकाटा, दोन्ही नीट असावे लागतात. युरोपने २००५ मध्ये कार्बनचे परवाने आणले तेव्हा कारखान्यांना गरजेपेक्षा जास्त वाटले गेले. २००६ च्या वसंतात खरे आकडे बाहेर आल्याबरोबर भाव कोसळले, आणि २००७ संपेपर्यंत परवान्याची किंमत जवळजवळ शून्यावर आली. त्यांनी ते नंतर दुरुस्त केलं, २०२३ मध्ये तोच भाव टनामागे १०० युरोच्या वरही गेला. दुसरी गोष्ट मात्र वाचून माझं मन विटलं. शीतकरणासाठी लागणारा एक वायू बनवताना एचएफसी-२३ नावाचा उपवायू तयार होतो. तापवण्याच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींहून जहाल. तो नष्ट करणाऱ्यांना हवामानबदल रोखण्यासाठीच्या क्योटो करारातल्या योजनेखाली विकता येण्याजोगी श्रेयपत्रं, म्हणजे तेवढं उत्सर्जन टाळल्याचे दाखले, मिळू लागली. त्या श्रेयपत्रांचे पैसे इतके येऊ लागले की काही कारखान्यांना मूळ मालापेक्षा कचराच किफायतशीर झाला, आणि नष्ट करता यावा म्हणून तो जास्त तयार होऊ लागला. शेवटी २०१३ पासून युरोपने ती श्रेयपत्रं घ्यायचंच बंद केलं. बक्षीस कशाला लावलं आहे हे माणूस फार चटकन ओळखतो.

साधा, सरळ कर मला म्हणून जास्त भरवशाचा वाटतो. स्वीडनने १९९१ मध्ये टनामागे २५० क्रोनर असा कार्बनवर कर बसवला आणि तो पायरीपायरीने वाढवत १,३०० च्या वर नेला. लोकांना आधीपासून माहीत होतं की तो वाढणार आहे. घरं उबदार ठेवणाऱ्या मोठ्या भट्ट्या कोळसा आणि तेल सोडून लाकडाच्या भुश्शाकडे, कचऱ्याकडे वळल्या. उत्सर्जन १९९० च्या मानाने एक तृतीयांशाने घटलं आणि देश गरीब झाला नाही. सगळं श्रेय एकट्या कराचं नसेल. पण २०१८ च्या फ्रान्सचं उदाहरणही मी विसरू शकत नाही. इंधनावरचा कर आणखी वाढणार म्हटल्यावर पिवळी जाकिटं घातलेली माणसं चौकाचौकात उभी राहिली, आणि सरकारला वाढ मागे घ्यावी लागली. त्यांतल्या अनेकांना गाडीशिवाय कामावर जायला दुसरा मार्गच नव्हता. ज्याच्यापुढे पर्याय आहे त्याला किंमत दिशा दाखवते, ज्याच्यापुढे नाही त्याला ती फक्त पिळते. कराचा पैसा लोकांच्याच हातात परत गेला, तर सर्वांत कमी धूर सोडणारा गरीब माणूस नफ्यात राहतो. हे इतकं स्पष्ट असताना तसं सर्रास का होत नाही, याचा मला खेद वाटतो.

तरीही किंमत लावण्याबद्दल माझ्या मनात एक काटा आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांत एक प्रयोग झाला होता, २००० साली तो प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला पालक उशिरा येत म्हणून काही पाळणाघरांनी दंड सुरू केला. उशिरा येणारे कमी व्हायला हवे होते, ते वाढले. पूर्वी ताईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची. आता पैसे भरले की फिटलं. दंड काढून टाकल्यावरही ती लाज परत आली नाही. हे वाचलं आणि मला माझंच एक विमानाचं तिकीट आठवलं. थोडे जास्त पैसे भरा, तुमच्या प्रवासाच्या उत्सर्जनाची भरपाई होईल, असा एक चौकोन पडद्यावर होता. मी त्यात खूण केली आणि मला खरोखर हलकं वाटलं. प्रवासभर शांत झोपले. ते पैसे कुठल्या झाडांना गेले, ती झाडं अजून उभी आहेत का, याची मी आजतागायत चौकशी केलेली नाही. विमानाचा धूर मात्र वर आहेच. किंमत हवी, मला ती हवीच आहे, पण ती लाजेच्या जागी नको. लाजेच्या जोडीला हवी.

आणि ती किंमत ठरवायची कशी, हे तर त्याहून अवघड. नुकसान आजचं नाही, शंभर वर्षांनंतरचं आहे. अर्थशास्त्रात पुढच्या काळातला पैसा आजच्या भावात आणताना दरसाल काही टक्के वजा करतात. पाच टक्के धरले तर शंभर वर्षांनंतरचं १०० चं नुकसान आज १ सुद्धा भरत नाही. हवामानबदलाच्या खर्चावरच्या २००६ च्या अहवालात ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ निकोलस स्टर्न यांनी धरला तसा १.४ टक्के दर घेतला तर तेच २५ च्या आसपास येतं. नुकसान तेच, पृथ्वी तीच. एका दशांश चिन्हाभोवती सगळा वाद फिरतो. १९२८ साली फ्रँक रॅम्झी या अवघ्या पंचविशीतल्या गणितज्ञाने बजावलं होतं, की केवळ नंतरचं आहे म्हणून एखाद्याचं सुख कमी लेखणं नीतीला धरून नाही, तो आपल्या कल्पनाशक्तीचा दुबळेपणा आहे. दोन वर्षांत तो गेला. मी भाचीकडे पाहून त्या टक्केवारीचा विचार करायचा प्रयत्न केला. दरसाल पाच टक्के. मला ते जमेना.

परवा ती पुन्हा राहायला आली होती. मी म्हटलं, "मागच्या वेळी मी तुला धुराचं चुकीचं सांगितलं होतं," आणि कीलिंग यांची रेष तिला संगणकावर दाखवली. पानं, दाते, कोळसा, जमेल तसं सांगितलं. तिने आधी स्वतःचं जन्मवर्ष शोधलं, २०१६. "माझं किती?" ४०४. "आणि तुझं?" १९८०, ३३९. "आजीचं?" आजीचं १९५०. रेष तर १९५८ पासून सुरू होते. ती गोंधळली. "म्हणजे आजी होती आणि कुणी मोजत नव्हतं?" मग मी तिला अंटार्क्टिकाच्या बर्फाबद्दल सांगितलं. दरवर्षी बर्फ पडतो, दाबला जातो, त्यात त्या काळच्या हवेचे बुडबुडे कोंडले जातात. बर्फ खणून ते उघडले की हवेचा जुना आकडा मिळतो. आजीचा ३११ आहे. बर्फात आजीच्या वेळची हवा अजून आहे, ही गोष्ट तिला एवढी आवडली की तिने ती मला तीनदा सांगायला लावली. मग कागद घेतला, तिघींची नावं एकाखाली एक लिहिली, आणि हातचे घेत वजाबाकी केली. आजी आणि मी, २८. मी आणि ती, ६५. मधली वर्षंही मोजली, ३० आणि ३६. पेन्सिल तोंडात धरून ती बराच वेळ त्या दोन ओळींकडे पाहत बसली. "वर्षं तर थोडीच जास्त आहेत," ती म्हणाली. "मग हे एवढं कसं?" माझ्या उत्तराची वाट न पाहता तिने पुन्हा पहिल्यापासून वजाबाकी करायला घेतली. आपलंच काहीतरी चुकलं असेल असं तिला वाटत होतं.